घर दोघांचे, खरेदीखत कुणाचे?

नागपूरकडून हावड्याच्या दिशेने जाणारी गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून दुर्गकडे निघाली, की शिवनाथ नदी ओलांडण्यापूर्वी रसमडा नावाचे एक लहानसे स्थानक लागते. वेगवान गाडीतील प्रवाशाला ते बहुधा जाणवतही नाही. परंतु पलीकडे भिलाई आणि अलीकडे रसमडा-बोरईची औद्योगिक वसाहत, यांमुळे हा सारा टापू पोटापाण्यासाठी दूरदूरहून आलेल्या माणसांचा झाला आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून येथे माणसांचा ओघ थांबलेला नाही. त्यांत मराठी माणसेही आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर हीच होती, हे आजच्या पिढीच्या फारसे लक्षात नसते.

गाव, जात, नातलग मागे ठेवून आलेल्या माणसांच्या अशा वसाहतींत विवाह न करता एकत्र संसार मांडणारी जोडपीही असतात. कुणाच्या घरी जातीचा विरोध असतो, कुणाचा पहिला विवाह कायद्याने संपलेला नसतो, कुणाला लग्नाचा खर्च झेपत नाही, तर कुणाला विवाहाची गरजच वाटत नाही. दोन सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने एकत्र राहणे हा गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एस. खुशबू यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. बँकेच्या दृष्टीने प्रश्न अगदी व्यावहारिक आहे. ही दोघे घर घेतात, कर्ज काढतात, संयुक्त खाते उघडतात. आणि पुढे कधीतरी विभक्त होतात. तेव्हा घर कुणाचे?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रसमड्याच्या एका कारखान्यात तो फिटर आहे, ती दुसऱ्या कारखान्याच्या कार्यालयात हिशेब पाहते. दोघांनी दुर्गमध्ये १८ लाख रुपयांचे घर घेतले. पदरचे ४ लाख भरले. त्यांतील ३ लाख त्याचे, १ लाख तिचा. उरलेल्या १४ लाखांचे कर्ज दोघांच्या नावे, साडेआठ टक्के दराने, वीस वर्षांसाठी. खरेदीखतावर दोघांची नावे आहेत, मात्र कुणाचा हिस्सा किती याबद्दल एक शब्दही नाही. दरमहा १२,१५० रुपयांचा हप्ता त्याच्या पगार खात्यातून वळता होतो. तिचा पगार किराणा, वीज, गॅस, दवाखाना आणि त्याच्या आईची औषधे यांत जातो. तिच्या खात्यातूनही दरमहा जवळजवळ तेवढीच रक्कम खर्च होते. दोघांपैकी कुणीही कुणाला फसविलेले नाही. घरकामाप्रमाणेच पैशांचीही त्यांनी सोयीची वाटणी केली आहे, इतकेच.

सात वर्षांनी दोघे वेगळे होतात. त्याच्या खातेउताऱ्यावर हप्त्यांचे १० लाख २० हजार रुपये स्पष्ट दिसतात. तिच्या नावावर दिसतो एक लाखाचा धनादेश. किराणा दुकानदाराची बिले सात वर्षे कोण जपून ठेवतो?

विवाहित दांपत्यात असा वाद झाला तर तो कौटुंबिक न्यायालयात जाऊ शकतो. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने 'विवाहातील पक्षकारांमधील' मालमत्तेचे दावे त्या न्यायालयाकडे सोपविले आहेत. हिंदू विवाह अधिनियमातील कलम २७ मध्ये विवाहप्रसंगी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंची व्यवस्था आहे. पत्नीला पोटगीचा हक्क आहे. तरीही भारतात पत्नीलासुद्धा पतीने स्वतःच्या नावे घेतलेल्या घरात आपोआप निम्मा वाटा मिळत नाही, हे येथे सांगितले पाहिजे, कारण उलट समजूत बरीच रूढ आहे. अविवाहित जोडप्याच्या वाट्याला तर केवळ दिवाणी न्यायालय उरते. तेथे ही दोघे म्हणजे एका मालमत्तेचे दोन सहमालक, याहून निराळे काही नाहीत. दोन मित्रांनी किंवा दोन व्यापाऱ्यांनी मिळून गाळा घ्यावा तसे.

सहमालकांचा हिस्सा ठरविण्याचा नियम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ मध्ये आहे. किंमत दोघांच्या सामाईक निधीतून दिली असेल, तर त्या निधीत ज्याचा जेवढा वाटा, तेवढाच त्याचा मालमत्तेत. किंमत स्वतंत्र पैशांतून दिली असेल, तर ज्याने जेवढे दिले त्या प्रमाणात. कुणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तर दोघे समान हक्कदार मानले जातात. आणि आपसांत निराळा करार असेल, तर तो करार प्रमाण. इंग्रजी अमदानीतले हे कलम एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी लिहिलेले नाही. परंतु आज त्यांच्या घराचा निकाल पुष्कळदा त्याच्याच आधारे लागतो.

आता तेच कलम वरील उदाहरणास लावून पाहावे. त्याचा वकील हप्त्यांचा उतारा पुढे करील आणि जवळजवळ सारे घर आपल्या अशिलाचे आहे असे म्हणेल. तिचा वकील म्हणेल, की कर्ज दोघांनी मिळून काढले, बँकेने दोघांच्या पतीवर पैसा दिला, म्हणून त्या १४ लाखांचा निम्मा भार पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यावर होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. न्यायालय पुरावा पाहून ठरवील. पण समजा, दोघांचे पगार प्रथमपासून एकाच संयुक्त खात्यात जमा होत असते आणि हप्ता व किराणा दोन्ही त्यातूनच गेले असते, तर? माणसे तीच, पैसा तोच, खर्चही तोच. मात्र किंमत सामाईक निधीतून दिली गेली असे म्हणण्यास तिला बळकट आधार मिळाला असता.

बँकेच्या पासबुकाला हे महत्त्व उगाच आलेले नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट हा कायदा १८९१ चा आहे. त्यानुसार बँकेच्या पुस्तकातील नोंदीची प्रमाणित प्रत न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते. त्यासाठी मूळ पुस्तक न्यायालयात नेण्याची गरज नसते. म्हणून खातेउताऱ्याची प्रमाणित प्रत मागण्यास आलेल्या ग्राहकाच्या चेहऱ्यावरून शाखेतील अनुभवी कर्मचाऱ्याला पुष्कळ काही कळून येते.

या विषयावर सर्वाधिक उल्लेखिला जाणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला: इंद्रा सरमा विरुद्ध व्ही. के. व्ही. सरमा. प्रकरण बंगळूरचे. दोघे एकाच खाजगी कंपनीत नोकरीला होते. ती अविवाहित, तो विवाहित व दोन मुलांचा पिता. घरच्यांचा विरोध पत्करून ती त्याच्यासोबत राहू लागली. तिच्या नावे व्यवसाय सुरू झाला, दोघांनी मिळून तो चालविला. पुढे त्याने तो आपल्या घरी हलविला. सुमारे अठरा वर्षांचे हे नाते तुटल्यावर तिने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी दरमहा १८,००० रुपये निर्वाहखर्च मंजूर केला, सत्र न्यायालयाने तो कायम ठेवला, उच्च न्यायालयाने मात्र रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही तिचे अपील फेटाळले. तो विवाहित आहे हे तिला ठाऊक होते, म्हणून हे नाते कायद्यातील 'विवाहसदृश नाते' ठरत नाही, असे कारण दिले गेले. तसे पाहिले तर ज्या स्त्रीला संरक्षणाची सर्वाधिक निकड होती तिलाच ते नाकारले गेले, ही खंत खुद्द निकालपत्रातही डोकावते. अशा स्त्रियांसाठी संसदेने विचार करावा, असे न्यायालयाने सुचविले.

याच निकालात नाते विवाहसदृश आहे की नाही हे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. किती काळ एकत्र राहिले, घर एक होते का, मुले आहेत का, समाजात वावर कसा होता, हे तर त्यांत आहेच. परंतु त्याबरोबर आर्थिक व्यवहारही आहेत: संयुक्त बँक खाते, दोघांच्या किंवा स्त्रीच्या नावे घेतलेली स्थावर मालमत्ता, दीर्घ मुदतीची गुंतवणूक. म्हणजे ज्या नात्याची नोंद कोणत्याही विवाह निबंधकाकडे नाही, त्याचा माग बँकेच्या खातेवहीत शोधला जातो.

नाते विवाहसदृश ठरले तरी मिळते काय? २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या या कायद्याखाली स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क मिळतो. घर तिच्या नावावर नसले तरी दंडाधिकारी तिला बाहेर काढण्यास मनाई करू शकतात, निर्वाहखर्च व भरपाई देऊ शकतात. २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात 'सामाईक घर' या शब्दांचा अर्थ अधिक व्यापक झाला. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. छप्पर सुरक्षित होते, खरेदीखत मात्र बदलत नाही.

चूडी, पाट आणि छोड-छुट्टी

छत्तीसगडात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथील अनेक जातींत 'चूडी' घालून संसार मांडण्याची प्रथा फार जुनी आहे. विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीला पुरुष बांगड्या भरतो, आणि बिरादरी ते नाते मानते. महाराष्ट्रातील 'पाट' किंवा 'मोहतूर' हे त्याचेच भावंड. शहरातून आलेल्या शेजाऱ्याला हे जोडपे 'लग्नावाचून राहणारे' वाटेल, परंतु हिंदू विवाह अधिनियमाचे कलम ७ रूढीनुसार झालेले विधी मान्य करते. म्हणून मालमत्तेच्या वादात पहिला प्रश्न असा पडतो, की ही दोघे खरोखर अविवाहित आहेत काय? रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. पहिले लग्न मोडल्याची 'छोड-छुट्टी' मुद्रांकावर लिहून घेतली, म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. त्या समाजात रूढीने काडीमोड होतो हे सिद्ध झाले नाही, तर ते पहिले लग्न कायम राहते आणि दुसरा संसार कायद्याच्या दृष्टीने उघडा पडतो. अनुसूचित जमातींना तर हा अधिनियमच सर्वसाधारणपणे लागू नाही. त्यांची स्वतःची रूढी पाहावी लागते.

दीर्घ सहवासातून विवाहाचे अनुमान काढण्याची न्यायालयांची परंपराही आहे. १९७८ च्या बद्री प्रसाद प्रकरणात पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याचा विवाह सिद्ध करण्यास साक्षीदार कोठून आणणार, असा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने ते नाते विवाहाचेच मानले. मुलांच्या बाबतीत कायदा अधिक उदार आहे. २०२२ मध्ये केरळच्या एका प्रकरणात दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या आईवडिलांच्या मुलाचा कौटुंबिक मालमत्तेतील वाटा न्यायालयाने मान्य केला.

पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. पुष्कळदा सारा पैसा पुरुष देतो आणि घर स्त्रीच्या नावे घेतो. प्रेम हे कारण असतेच. शिवाय महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पती-पत्नींत हे बिनधोक आहे, कारण ज्ञात उत्पन्नातून पतीने पत्नीच्या नावे किंवा पत्नीने पतीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी व्यवहार प्रतिबंधक कायद्यातून वगळलेली आहे. अविवाहित जोडीदार त्या अपवादात नाही.

परिणाम काय होतो ते पाहावे. नाते तुटल्यावर तो न्यायालयात म्हणतो, 'नाव तिचे असले तरी पैसा माझा होता, घर माझ्याचसाठी होते.' असे म्हणताच त्याने आपला व्यवहार बेनामी होता हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलेले असते, आणि बेनामी मालमत्ता परत मिळविण्यासाठी दावाच चालू शकत नाही. १ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. शिवाय एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट तो 'मी तिला पैसे भेट दिले' असे म्हणाला, तर घर तिचे झाले. आणि तिच्या पुढे आयकराचा प्रश्न उभा राहिला. कारण नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मिळालेली भेट करपात्र असते, आणि आयकर कायद्याच्या व्याख्येत जोडीदार 'नातेवाईक' नाही. आपल्या नावावरील घर नंतर बक्षीसपत्राने जोडीदाराला द्यावे म्हटले, तर महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले अशा निकटच्या आप्तांना निवासी घरासाठी मिळणारी २०० रुपये मुद्रांक शुल्काची सवलतही मिळत नाही.

याच्या उलट बाजूचा सापळा बँकेच्या कर्ज विभागाला चांगला परिचित आहे. खरेदीखत एकट्या त्याच्या नावे. उत्पन्न कमी पडते म्हणून ती सहकर्जदार. करार अधिनियमाच्या कलम ४३ नुसार बँक संपूर्ण कर्ज दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते. म्हणजे तिच्याकडे मालकी शून्य आणि जबाबदारी पूर्ण! हप्ते थकले तर पतनोंदीत तिचेही नाव खराब होते. 'आम्ही आता एकत्र राहत नाही' हे कारण बँकेला बंधनकारक नाही. सहकर्जदाराचे नाव कमी करायचे तर उरलेल्या कर्जदाराचे उत्पन्न पुरेसे आहे याची खात्री बँक करून घेते, तेव्हाच संमती देते. जामीनदाराचेही तसेच.

संयुक्त खात्यात 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती' असा आदेश असेल, तर एकाने सारी रक्कम काढली तरी बँकेचा दोष राहत नाही. वाद सुरू होताच एकाने लेखी सूचना दिल्यास बँका साधारणतः दोघांच्या सह्यांशिवाय व्यवहार थांबवितात. वारसनोंदीबद्दलही गैरसमज आहे: नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने भागभांडवलासंबंधी शक्ती येझदानी प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. संयुक्त खाते उघडताना मात्र बँक विवाहाचा दाखला मागत नाही. समलिंगी जोडीदारांनाही संयुक्त खाते व नामनिर्देशन यांस कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. त्यांना तर भारतात विवाहाचा पर्यायच नाही, म्हणून या लेखातील प्रत्येक अडचण त्यांनाही तशीच लागू आहे.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतीने हाताळला आहे. न्यूझीलंडमध्ये २००२ पासून, साधारणतः तीन वर्षे एकत्र राहिलेल्या अविवाहित जोडप्यालाही विवाहितांप्रमाणेच मालमत्तेची वाटणी लागू होते. इंग्लंडमध्ये तसा कायदा नाही, आणि तेथील एक खटला वाचण्यासारखा आहे. जोन्स आणि कर्नॉट या जोडप्याने १९८५ मध्ये एसेक्स परगण्यात ३०,००० पौंडांना घर घेतले. ६,००० पौंडांचा पहिला भरणा बाईंचा. घर दोघांच्या नावे. १९९३ मध्ये तो निघून गेला. त्यापुढे बारा-तेरा वर्षे हप्ते, डागडुजी, दोन मुलांचे संगोपन सारे तिने एकटीने केले. २००६ मध्ये त्याने निम्मा वाटा मागितला. खालच्या न्यायालयाने नव्वद-दहा अशी वाटणी केली, अपील न्यायालयाने ती पन्नास-पन्नास केली, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा नव्वद-दहावर शिक्कामोर्तब केले. दोघांचा इरादा काळाच्या ओघात बदलला, हे न्यायालयाने त्यांच्या वागणुकीवरून ताडले. परंतु त्याच इंग्लंडमध्ये १९८४ च्या बर्न्स प्रकरणात एकोणीस वर्षे संसार केलेल्या, मुले वाढविलेल्या स्त्रीला घरात काहीही वाटा मिळाला नव्हता. घर त्याच्या नावे होते आणि तिचा पैसा घरखर्चात गेला होता. रसमड्याच्या उदाहरणातील ती आणि ही इंग्रज स्त्री यांच्यात फारसे अंतर नाही. आपल्याकडे उत्तराखंडाने २७ जानेवारी २०२५ पासून अशा नात्यांची नोंदणी सक्तीची केली आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगीचा हक्क दिला. घराच्या वाटणीचा नियम मात्र त्यातही नाही.

आता त्या दोघांकडे परत येऊ. त्यांचे घर अजून कर्जमुक्त नाही. सात वर्षांत १० लाख २० हजार रुपये भरूनही मुद्दल फिटले आहे जेमतेम अडीच लाख. सुमारे ११ लाख ४५ हजार रुपये बाकी आहेत. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, हे कर्जदाराला ठाऊक असते, पण विभक्त होतानाच ते खऱ्या अर्थाने उमगते. म्हणजे भांडण १८ लाखांच्या घराचे दिसले, तरी वाटून घ्यायचे आहे ते आजच्या बाजारभावातून ही बाकी वजा जाता उरणारे. ती रक्कम कोणती, हे मूल्यांकन करून कागदावर मांडले, तर बोलणी सोपी होतात.

तडजोड झाली, तर एकाने दुसऱ्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते, आणि त्यापूर्वी बँकेची संमती घ्यावी लागते, कारण घर तारण आहे. तिच्या किराण्याचा हिशेब तेव्हा दोघांनी समोरासमोर बसून मांडता येतो. कायदा आडवा येत नाही. तडजोड झाली नाही, तर वाटणीचा दावा. दोन खोल्यांचे घर प्रत्यक्ष विभागता येत नाही, म्हणून १८९३ च्या वाटणी अधिनियमानुसार निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्याच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. आणि दुसऱ्याला न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा विकत घेण्याची मुभा असते. उसने दिलेले पैसे मागायचे असतील, तर साधारणतः तीन वर्षांची मुदत आहे. रुसव्याफुगव्यात ती कधी निघून जाते ते कळत नाही.

हे सारे टाळण्यासाठी जे करायचे ते घर घेतानाच करता येते, आणि त्याला खर्चही नाही. खरेदीखतात दोघांच्या नावांपुढे हिस्से लिहावेत, साठ-चाळीस, निम्मे-निम्मे, जे ठरले असेल ते. कलम ४५ आपसांतील कराराला प्रथम मान देते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणीच्या दिवशी ही एक ओळ घालण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. पण त्या आनंदाच्या दिवशी ती सुचविणे दोघांनाही अवघड वाटते, आणि दस्त लिहिणाराही विचारीत नाही.

कर्ज पूर्ण फिटले, की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करावयाची असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. दोघांनी मिळून तारण ठेवलेले कागद परत घेण्यासाठी सामान्यतः दोघांच्याही सह्या लागतात. एकमेकांशी बोलणे केव्हाच थांबलेली दोन माणसे त्या दिवशी एकाच काउंटरपुढे उभी राहतात, आणि मूळ खरेदीखताची प्रत एकच असते.